घराक एक लाकूड

गुरू, काल तुझं बारावं झालं. जेवायला माणसं खूप होती. तू असतास तर म्हणाला असतास, एवढी माणसं आमच्या घरात मावतात हे आधी कळलं असतं तर लग्न तरी करून टाकलं असतं. वालीच्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं, पण कुणी बोललं नाही. मेलेल्याच्या जेवणाला नावं ठेवत नाहीत, आणि तू तर आता नुसता मेलेला नाहीस, हुतात्मा आहेस. नाक्यावर तुझा मोठा फोटो लावलाय, गणवेशातला. खाली लिहिलंय, 'आमच्या गावचा सुपुत्र'. पावसानं त्याचा एक कोपरा सुटतो आणि फडफडत राहतो. दोनदा मी तो बांधला. तिसऱ्यांदा दोरी घेऊन गेलो, ती अक्षरं वाचली आणि हात आखडला. दोरी खिशात घालून परत आलो.

पेपरवाले येऊन गेले. तुझा जन्म, तुझी शाळा, पलटण, कारगिलच्या बाजूचा तो डोंगर, सगळं त्यांनी छापलं. त्यातलं मी काही परत सांगणार नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला तुझ्याशी एका लाकडाविषयी बोलायचंय. हरमलच्या वाळूत आपलं बोलणं जिथं तुटलं, तिथून पुढं.

आठवतंय तुला, तुम्ही आमच्या डिचोलीच्या या गावात आलात तो दिवस? मला आठवतो. आपण दोघंही सहा-सात वर्षांचे. पोर्तुगीज जाऊन बरीच वर्षं झाली होती, खाणी जोरात होत्या, आणि आमच्या भाऊनं, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला ट्रक घेतला होता. तो चालवायला दोडामार्गापलीकडून तुझे बाबा आले. पाठीवर एक ट्रंक, मागे काकी, आणि काकीच्या पदराला धरून तू. नाक वाहत होतं. मी तुला जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघितलं आणि आईला सांगितलं, एक शेंबडो इलो. ही गोष्ट तू मोठेपणी माझ्याच लग्नात पंगतीला सांगितलीस, माझ्या बायकोसमोर. तुला लाज अशी कधी नव्हतीच.

तुझ्या बाबांना सगळे आपा म्हणत. चोवीस वर्षं आपांनी आमचा ट्रक चालवला. खाणीवरनं माल भरायचा, नदीवरच्या धक्क्यावर ओतायचा, तिथनं तो बार्जमधनं मुरगावला जायचा. दिवसाला पाच-सहा खेपा. त्यांच्या कानाच्या पाळ्यांत, भुवयांत, विडीच्या धुरात सुद्धा ती लाल माती असायची. पावसाळ्यात खाण बंद, ट्रक शेडमध्ये, तेव्हा आपा आमच्या माडांना आळी करायचे, कौलं परतायचे. माझा मोठा मुलगा जन्मला तेव्हा अर्ध्या रस्त्यात माल ओतून माझ्या बायकोला म्हापशाच्या हॉस्पिटलात त्यांनीच नेलं. एवढं असून गावाच्या तोंडी तुम्ही शेवटपर्यंत 'भायले', बाहेरचे. वाईट मनानं म्हणत नव्हते, असं मी स्वतःला सांगत आलो. माणसाला ओळखायला काहीतरी लागतं, तसंच ते. शिगम्यात ढोल वाजवायला तू चालायचास, कारण तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता. वाजवून झालं की ढोल देवळाच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि तूही बाहेरच थांबायचं. तू थांबायचास. घाम पुसत हसायचास. मला वाटायचं, याला काही वाटत नाही.

तुला ठाऊकच आहे, पण आज मला ते पुन्हा सांगायचंय. आमच्याकडे माणूस मेला की निरोप पाठवावा लागत नाही. बातमी कळली की प्रत्येक घरातला एकजण उठतो, पडवीत रचलेल्या लाकडांतनं एक उचलतो, खांद्यावर घेतो आणि मसणाची वाट धरतो. घराक एक लाकूड. कमी नाही, जास्त नाही. मेलेला श्रीमंत असो की भिकारी, त्याची चिता गावाच्या लाकडांवर रचतात. भांडणं असली तरी लाकूड जातं. ज्या घरातनं गेलं नाही, त्या घरानं मेलेल्याशी नातं तोडलं असं समजायचं. लहानपणी आपण दोघं ती लाकडं मोजायला मसणाच्या कडेला जाऊन बसायचो. तू एकदा विचारलं होतंस, आमच्या घराचां लाकूड कोण व्हरतलो? मी म्हटलं होतं, तूच. आणि तू नेतही होतास. बापाच्या वतीनं, वयाच्या बाराव्या वर्षापासून, गावातल्या प्रत्येक मयताला. कुणी नको म्हटलं नाही. घेताना कुणी कधी नको म्हटलं नाही, गुरू.

मग आपा गेले. जानेवारीतला दिवस होता, खाणी ऐन भरात. तू रजेवर आला होतास. तिसरी खेप टाकून ते घरी आले, छातीत कळ येते म्हणाले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपले. तू काकीला शेजारणींच्या हवाली केलंस आणि सरळ देवळात गेलास. तिथं सभामंडपात कमिटी बसली होती, कारण जत्रा आठवड्यावर होती. तात्या होते, अध्यक्ष. आमचा भाऊ होता. मी खांबाला टेकून उभा होतो. पताकांचा कागद माझ्या हातात होता.

तात्या चांगल्या सुरातच बोलले. चांगल्या सुरात बोललं की माणसाला उत्तर देता येत नाही.

"वायट मानून घेव नाका, पुता. पूण मसण गांवकारांचें. आजमेरेन भायल्यांक थंय जाळूंक ना. तुमचो गांव कितलो पयस? घंट्याभराचो रस्तो."

तू म्हणालास, "तात्या, रेशनकार्ड हंयचा. मत हंय देतंव. बाबा चोवीस वर्सां हंय रवले. मेल्यार मातर थंय जावचा?"

तात्यांनी भाऊकडे बघितलं. भाऊनं खाली बघत म्हटलं, "ट्रक व्हर. डिझेल भरलेलें आसा."

आणि तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, एखादा श्वास घेण्याइतका वेळ. मी पताकांच्या कागदाची घडी घातली. उलगडली. परत घातली. तू गेलास.

त्या दिवशी मी एवढंच केलं की ट्रकचा मागचा भाग झाडून दिला. लाल माती निघता निघेना, मग पाणी मारलं, तर सगळा चिखल झाला. त्यावर काकीनं चटई अंथरली. आपांना त्यांच्याच ट्रकमध्ये ठेवलं आणि गाडी तू चालवलीस. ट्रक आमच्या घरावरनं गेला तेव्हा मी सोप्यावर उभा होतो. वाटेवरच्या प्रत्येक घराच्या पडवीत लाकडं रचलेली होती. जानेवारी होता, खडखडीत सुकी. एकही हललं नाही. आमचंही नाही.

दोडामार्गाच्या नाक्यावर पोलिसांनी तुला अडवलं, गोव्यातनं दारू नेतोस का बघायला. "गाडयेत काय असा?" एकानं विचारलं. तू म्हणालास, "बाबा असत." हे तू मला पुढं सांगितलंस, आणि सांगताना हसलास. मीही हसलो. काय वाटून हसलो, देव जाणे.

तुझ्या रजा त्यानंतरही आमच्याच गावात गेल्या. काकी इथंच राहिली. तू आलास की संध्याकाळी आमच्या सोप्यावर यायचास, भाऊच्या पाया पडायचास, माझ्या पोरांना बर्फाच्या गोष्टी सांगायचास. पाय आपलो नाय असो वाटता, म्हणायचास, दुसऱ्याचे पाय उसने घेवन चलतंय असा. दोन वर्षं आपण त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, जखम भरली. स्वतःच्या सोयीचं असलं की मला लगेच काहीतरी वाटतं.

मग मागच्या वर्षीची ती रजा. तुला समुद्र बघायचा होता. गोव्यात वाढलेला माणूस आणि समुद्र नीट बघितलेला नाही, पलटणीत सगळे हसतात म्हणालास. स्कूटरवरनं आपण शिवोली गाठली, फेरीनं चोपड्याला उतरलो आणि हरमलला गेलो. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलास, त्याहून पुढं एक पाऊल नाही. डोंगरात जन्मलेला, पोहायला येत नव्हतं. गोऱ्या बाया तुझ्याकडे बघून हसत होत्या, आणि तू त्यांना हात करत होतास.

वाळूत बसल्यावर तू म्हणालास, "पलटणीत माका नावान हाक मारनत नाय. 'ए गोवा' म्हणतत. 'गोवा, इकडे ये.' बाबांच्या गावात गेलंय की, 'गोंयकार इलो.' आणि हंय…" वाळूवर बोटानं काहीतरी ओढलंस आणि पुसून टाकलंस.

मला गप्प राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या दिसा म्हाका बोलूंक जालें ना, गुरू. मुखार भाऊ आसलो. तुका कळटा न्हय?"

"बोल म्हणान मी तुका सांगूक नाय," तू म्हणालास. आवाज अगदी साधा. "म्हाताऱ्यांवांगडा भांडूकय सांगूक नाय. तुमच्या पडवेत लाकडां होती मरे? एक घेवन येवक होया होतां. जंय जाळलो थंय. स्कूटर होती तुझी."

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. दोन वर्षं मी मनातल्या मनात तात्यांशी वाद घातला होता, भाऊला जाब विचारला होता, मोठमोठी भाषणं केली होती. एक लाकूड उचलून तासभर स्कूटर चालवायची, एवढी सोपी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि तुझं खरं होतं म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "इतलो राग आसा जाल्यार आपल्या गांवांत वचून राव."

तू माझ्याकडे वळून बघितलंस.

"खंयच्या?" म्हणालास. कुठल्या गावात.

एवढंच. मग उठलास, पाण्यात जाऊन पायाची वाळू धुतलीस, चपला हातात घेतल्यास आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलास. चोपड्याच्या धक्क्यावर उकडलेल्या शेंगांची पुडी घेतलीस आणि फेरीत मला अर्ध्या दिल्यास. आपण दोघांनी नदीत टरफलं टाकली. मला माफी मागायची होती. फेरी पलीकडे लागली, गाड्या सुरू झाल्या, आणि राहिलं. तू गेल्यावर तुझं पत्र आलं, आईकडे लक्ष ठेव म्हणून. मी उत्तर लिहिलं. त्यात पावसाचं लिहिलं, ट्रकच्या इंजिनाचं लिहिलं, धाकट्याला दात आला ते लिहिलं. दोन पानं लिहिली, गुरू, आणि एक ओळ लिहिली नाही.

युद्ध सुरू झाल्यावर काकी रोज संध्याकाळच्या बातम्या बघायला आमच्याकडे यायची. खुर्चीवर बसायची नाही, दाराच्या चौकटीत बसायची. डोंगर दाखवले की विचारायची, ह्यातलो गुरूचो खंयचो? मी कुठलाही एक दाखवायचो.

फोन आमच्याच घरी आला, कारण तुझ्या कागदपत्रांवर आमचा नंबर होता. सकाळची दहाची वेळ. ट्रक शेडमध्ये उभे, भाऊ चाकांना ग्रीस लावत होता. फोन मी घेतला. तो साहेब हिंदीत सावकाश बोलत होता, मला समजावं म्हणून. मला पहिल्या वाक्यातच समजलं होतं. छत्री घेऊन मी तुमच्या घराकडे चालत गेलो आणि पोचल्यावर लक्षात आलं की छत्री उघडलीच नाही.

काकी अंगणात टाकळा खुडत होती. माझ्याकडे बघितलं आणि परत खाली वाकली.

"फोन इलो?"

"होय, काकी."

"तेचो?"

"ना. तेच्या सायबाचो."

तिनं ओच्यातली पानं सारखी केली. आणखी चार खुडली. मग विचारलं, "खंय लागली तेका?"

"म्हाका सांगूंक ना तांणी."

"विचारूक होया होतां रे," ती म्हणाली. "आवस विचारतली म्हणान तुका कळाक होया होतां." आणि मग ती त्या चिखलात खाली बसली. तुम्हा मायलेकांचं बोलणं सारखंच. जे करायला हवं होतं ते नेमकं सांगता, आणि नेमकं तेच माझ्याकडनं राहिलेलं असतं.

तुझी पेटी यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत गाव नुसता धावत होता. शाळेच्या पोरांनी रस्ता झाडला, सरपंचानं मांडव घातला, आमच्या ट्रकच्या ताडपत्र्या तुमच्या अंगणावर बांधल्या. तात्या स्वतः घरी आले. "गांवाचो मान," म्हणाले, "आमच्या मसणांतच जावंक जाय." काकीनं मान हलवली नाही आणि नकोही म्हटलं नाही. आम्ही तो होकार धरला. आम्हाला असंच धरायची सवय आहे.

पेटी येण्याच्या सकाळी गावातनं लाकडं निघाली. एक घर राहिलं नाही, गुरू. भर पावसात माणसं खांद्यावर लाकडं घेऊन चालली होती. आमच्या भाऊनं रचलेल्या लाकडांच्या मधोमध हात घालून, पावसाची ओल न पोचलेलं एक आंब्याचं लाकूड ओढून काढलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. मसणातल्या पत्र्याखाली पुरुषभर उंच रास झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, चला, झालं एकदाचं. आता हा माझ्याकडे तसा बघणार नाही.

पेटी दारातनं आत जाईना, म्हणून अंगणातच मेजावर ठेवली. वर तिरंगा. उघडायची नाही असा त्यांचा हुकूम होता. काकीनं कडेनं हात फिरवला, चारही बाजूंनी, आणि अधिकाऱ्याला विचारलं, "हंयच असा ना तो?" त्याला भाषा कळली नाही, पण त्यानं मान डोलावली.

तात्या पुढं झाले. "काकी, वेळ जाता. मसणांत सगळी तयारी आसा. गांवान लाकडां हाडल्यांत."

काकी उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तेच्या बापाशीक एक लाकूड हाडूक नाय. तेच्यार मी झिलाक निजवू? तेका मी थंय व्हरतलंय. बापूस थंय असा."

ताडपत्रीवर पाऊस पडत होता. अधिकाऱ्यानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली, कारण फोनवर त्याच्याशी मीच बोललो होतो. "माताजी क्या कह रही हैं?"

आणि मी, गुरू, त्याही वेळी पताकांचा कागद हातात असल्यासारखं बोललो. म्हटलं, "साब, इनका असली गाँव उधर है, इसलिए…"

"तसां नाय," काकी म्हणाली. हिंदी तिला येत नाही, पण मी पळतोय हे तिला कळलं. "खरां सांग."

समोर तात्या होते. कमिटी होती. भाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. सगळा गाव होता, ज्याच्यासमोर मला तीन वर्षांपूर्वी बोलता आलं नव्हतं. माझ्या तोडक्या हिंदीत मी म्हटलं, "साब, इसका बाप मरा तब गाँव ने इधर जलाने को नहीं दिया. लकड़ी भी नहीं दिया. हम लोगों ने. मैं भी था उसमें."

अधिकाऱ्यानं काकीकडे बघितलं. त्यानं मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "कितना दूर है?"

"एक घंटा," मी म्हटलं.

त्यानं आपल्या जवानांना खूण केली. पेटी उचलली. भाऊ कुणाकडे न बघता घराकडे चालू लागला. इतकी वर्षं मी ज्याला घाबरलो तो माणूस पाठमोरा एवढा बारीक दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

गाड्या गेल्यावर माणसं पांगली. मी मसणात गेलो. ती रास तशीच होती, पत्र्याखाली, कुणी वाली नसलेली. आमचं लाकूड वरच होतं. ते स्कूटरवर पायांपाशी आडवं ठेवलं, त्यावर माझा रेनकोट घातला आणि निघालो. पावसात पुढचं दिसत नव्हतं. वळणावर लाकूड घोट्याला लागत होतं. दोडामार्गाच्या नाक्यावर पोलिसानं थांबवलं.

"ह्या काय?"

"लाकूड. मयताक."

"ते सगळे फुडे गेले."

"होय," मी म्हटलं. "उशीर जालो."

पोचलो तेव्हा चिता पेटली होती. तुझ्या चुलतभावानं अग्नी दिला होता. जवानांनी बंदुकांचे बार काढले, माडावरचे कावळे उठले आणि परत बसले. बायकांनी मसणात जायचं नसतं, पण काकी गेली होती आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नव्हती. एका दगडावर बसली होती. मी लाकूड घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. नवऱ्याला नव्हतं आणलं, मुलाला उशिरा आणलं. मी रडायला लागलो. तुझ्यासाठी तोवर रडलो नव्हतो.

काकीनं लाकडावरचा रेनकोट बाजूला केला आणि हात लावून बघितला.

"सुकां असा," ती म्हणाली.

"घालूं, काकी?"

"आता कशाक? पेटली ती." तिनं रेनकोट परत नीट गुंडाळला, अगदी पोराला गुंडाळावा तसा. "घरा व्हर. माळ्यार ठेव. मी परत येतलंय. माझा घर थंय असा, आपांनी बांधलेला. मी थंयच मरतलंय. तेवा ह्या हाड. तात्या काय म्हणता, भाऊ काय म्हणता, तां बघीत रवू नको. माका तुमच्याच मसणात घाल. हाडशीत?"

"हाडीन, काकी." आणीन असा शब्द दिला.

"बघ हां," म्हणाली. तिला माझ्यावर भरवसा नाही, हे तिच्या डोळ्यांत होतं. असायचं कारणही नाही.

ती परत आली, गुरू. दहाव्यानंतर तुझा चुलतभाऊ तिला इथं सोडून गेला, आणि बारावं तिनं इथंच केलं, आपल्या घरी. तात्या जेवायला आले होते. तिनं त्यांना आपल्या हातानं वाढलं आणि आग्रह केला. तात्या नुसता भात कालवत होते. मला त्यांची कीव आली नाही आणि रागही आला नाही. मी माझ्या पानातला खारट घास गिळत होतो.

मला भीती वाटते, ती तुला सांगतो. तो दिवस कधीतरी येणार. परत कमिटी बसणार, परत कुणीतरी चांगल्या सुरात बोलणार. तुझा फोटो तोवर नाक्यावरनं गेलेला असेल. तेव्हा मी लाकूड उचलेन की परत खांब शोधेन, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुझ्यासारखा मी कधीच नव्हतो. पण या वेळी मला पताकांची, बापाची, कसलीच सबब नाही. तिनं शब्द घेतलाय.

लाकूड आमच्या माळ्यावर ठेवलंय, चुलीच्या बरोबर वर, धूर लागेल असं. आज सकाळी पाऊस फार होता आणि माळ्यावरचं एक कौल गळत होतं. मी घाईघाईनं शिडी लावून वर गेलो. लाकूड आधीच सरकवलेलं होतं, कोरड्या बाजूला, आणि खाली गोणपाट घातलेलं होतं. खाली उतरलो तर भाऊ सोप्यावर पानाला चुना लावत बसला होता. त्याच्या धोतराला माळ्यावरची धूळ होती.

मग काकीकडे गेलो. ती अंगणात टाकळा खुडत होती. मला बघून म्हणाली, "छत्री उघड रे, भिजतंस कशाक?"

ती बरी आहे, गुरू. लाकूड सुकं आहे.